वारा सुटायच्या आधी

मे संपत आला की कोकणातलं घर आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामात बुडून जातं. लाकूडफाटा पडवीत येऊन रचला जातो, सुकी मासळी डब्यात जाते, फुटकी कौलं बदलली जातात, वाडीतले, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतले, पाट साफ होतात. 2020 साली श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला आमच्या घरी हेच चाललं होतं. टाळेबंदीमुळे पर्यटक नव्हते, खोल्या महिनोन्‌महिने बंद होत्या, त्यामुळे घरातले सगळे हात आगोटीला मोकळे होते. पावसाळ्याची अर्धी तयारी झालेली असतानाच निसर्ग चक्रीवादळाची बातमी आली. त्यातली किती तयारी वादळाच्या कामाची होती आणि किती नव्हती, हे मला सांगायचं आहे. पावसाची तयारी आणि वाऱ्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्या आठवड्यात शिकलो.

समुद्राकाठच्या माणसाला भीती असते ती पाण्याची. उधाण कधी, भरती किती, पाणी सुरूच्या बनापर्यंत येईल की बांध ओलांडेल, याचा हिशेब आमच्या अंगात मुरलेला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथल्या पोराटोरांनाही येतं. वाऱ्याचा असा हिशेब मात्र कुणाकडे नव्हता. 2009 च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ सगळ्यांना आठवत होतं, पण त्याचा मार जास्त करून समुद्रात असलेल्या मच्छीमारांनी खाल्ला होता. आदल्याच वर्षी, 2019 मध्ये, वायू, क्यार आणि महा अशी तीन वादळं अरबी समुद्रात उठली आणि आमच्या किनाऱ्याला न भिडता निघून गेली. म्हणून 31 मेला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली, तेव्हा आळीतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: हेही वळून जाईल.

1 जूनला हवामान खात्याच्या अंदाजात किनाऱ्याचा पट्टा नावानिशी आला. वादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान किनारा ओलांडेल, असं त्यात होतं. हरिहरेश्वर आमच्याच तालुक्यातलं. रायगड जिल्हा, उत्तर कोकण असं काहीही म्हटलं असतं तरी लोकांच्या मनावर एवढा परिणाम झाला नसता. हरिहरेश्वर म्हटल्यावर ओटीवरच्या गप्पा थांबल्या आणि लोक उठून आपापल्या घराच्या छपराकडे बघायला लागले. माझं ठाम मत आहे की इशारा द्यायचा तो गावाच्या नावानं द्यावा. अक्षांश-रेखांशानं कुणी कौलाला हात लावत नाही.

अंदाजात पहिल्यांदा 3 जूनची संध्याकाळ किंवा रात्र अशी वेळ सांगितली होती. शेजारचे भाऊकाका कालनिर्णय घेऊनच बसले. 3 तारखेला द्वादशी संपून त्रयोदशी लागत होती, म्हणजे भरती सकाळी नऊ-दहाला आणि पुन्हा रात्री त्याच सुमारास. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे भरती मोठी. त्यात नेहमीच्या भरतीपेक्षा मीटर-दोन मीटर उंच लाटा येतील असं बातम्यांत सांगत होते. "रात्री आलं तर पाणी वाडीत," काका म्हणाले. पुढच्या दिवशी अंदाज बदलला आणि वेळ दुपारची झाली. दुपारी ओहोटी लागलेली असणार. काकांनी कालनिर्णय खुंटीला लावलं आणि म्हणाले, "पाण्याचं सोडा आता. वाऱ्याचं बघा." त्यांच्या त्या एका वाक्यानं आमच्या घरातल्या कामांचा क्रम बदलला.

सरकारी हालचाल सुरू झाली होती. ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरत होती. कच्च्या घरातल्यांनी शाळेत किंवा जवळच्या स्लॅबच्या घरात जावं, समुद्रावर कुणी जाऊ नये. तलाठी आणि पोलीस पाटील घरं बघत फिरत होते. भरडखोलच्या कोळ्यांनी होड्या खाडीत आत नेऊन बांधल्याचं मासळी घेऊन येणारी मावशी सांगून गेली. पण एक अडचण कुणाच्याच आराखड्यात नव्हती. मुंबईहून परतलेले चाकरमानी विलगीकरणासाठी शाळांमध्ये ठेवलेले होते, आणि आता वादळासाठीही तीच पक्की इमारत. कोरोनाची भीती तेव्हा अशी होती की लोक वाऱ्याला सामोरे जायला तयार, पण मुंबईकराच्या शेजारच्या खोलीत बसायला तयार नाहीत. शेवटी गावात ज्यांची स्लॅबची घरं होती त्यांनी दारं उघडली. आमच्या आळीतल्या एका घरात पाच कुटुंबं जायची ठरली, तोंडाला रुमाल बांधून आणि कोपरे वाटून घेऊन. रायगड जिल्ह्यात तेरा हजारांवर माणसं अशी हलवली गेली. त्यांतली किती जण अशी शेजाऱ्यांच्या भरवशावर सुरक्षित राहिली, याची नोंद कुठेच नसेल.

आता छपराचं. आमचं जुनं घर जांभ्याच्या भिंतींचं, वर मंगलोरी कौलं. मागची पडवी आणि पाहुण्यांच्या खोल्या पत्र्याच्या. पत्र्यावर चिरे ठेवायची इकडची जुनी रीत. पावसाळी वाऱ्याला ती पुरते. पण ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा गेला की पत्रा उचलला जातो आणि वरचा चिरा खाली माणसावर येतो. म्हणून आम्ही चिरे उतरवले. त्यांच्या जागी मच्छीमारांकडून आणलेला जाड नायलॉनचा दोर पत्र्यांवरून आडवा-उभा टाकला आणि तो खालच्या खांबांना नाही तर जमिनीत पुरलेल्या पहारींना ताणून बांधला. खांबाला बांधलं की पत्रा खांब घेऊन जातो, हे गावातल्या सुतारानं सांगितलं आणि ते खरं निघालं. कौलांचं मात्र काही करता येत नाही. कौल वाशा-रिपांवर नुसतं बसलेलं असतं. तिथे एकच गोष्ट हातात असते: वारा आत शिरू द्यायचा नाही. एक दार जरी उघडं राहिलं तरी वारा आतून छपराला उचलतो. म्हणून खिडक्यांना आतून फळ्या ठोकल्या आणि प्रत्येक दाराला आडणा घातला.

कुंड्या, तुळशीजवळचा पत्रा, टीव्हीची डिश, अंगणातली बाकडी, पाहुण्यांसाठीचा झोपाळा, सगळं आत आलं. अंगणात सुटी ठेवलेली वस्तू वादळात दुसऱ्याच्या घरावर जाऊन पडते, हे भोंग्यावरून सांगायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

वाडीचं काम सगळ्यात अवघड होतं, कारण तिथे करण्यासारखं फार थोडं होतं. नारळ काढणाऱ्याला धरून आणलं. त्या दिवशी त्याला दहा घरांतून बोलावणी होती. घराच्या छपरावर झुकलेल्या माडांचे तयार नारळ आणि सुक्या झावळ्या आधी उतरवून घेतल्या. माडाचा भार शेंड्याला. तो हलका केला की झाड वाऱ्यात थोडं तरी टिकतं, आणि निदान नारळ तरी छपरावर येत नाहीत. पोफळींना काय करणार? पोफळ म्हणजे हाताच्या कवेत मावणारी सरळ काठी, चाळीस-पन्नास फूट उंच, दाटीनं लावलेली. एक माड पडला की खाली दहा पोफळी घेऊन जातो. श्रीवर्धन तालुक्यातली रोठा सुपारी या अशा काठ्यांवरच उभी आहे आणि पोफळ लावल्यापासून पीक द्यायला सहा-सात वर्षं घेते. ह्यांनी वाडीतून एक चक्कर मारली, मोबाइलवर फोटो काढले आणि परत आले. तेव्हा ते फोटो कशाला काढले हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

वीज आहे तोवर पंपानं टाकी भरून घेतली. शिवाय पिंपं, हंडे, कळश्या, अगदी बादल्यासुद्धा. वीज गेली की विहीर असूनही पाणी नाही, कारण रहाट काढून टाकून आता वर्षं झाली. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या बोर्लीपंचतनहून महिन्याच्या आणून ठेवल्या. सातबारा, रेशन कार्ड, आधार, पासबुकं, घरपट्टीच्या पावत्या, विम्याचे कागद हे दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून तांदळाच्या पत्र्याच्या कोठीत, तांदळाच्या आत खोल. कोठी जड असते, उडत नाही, आणि तांदूळ ओल शोषतो. फोन, बॅटऱ्या, पॉवर बँक चार्ज करून ठेवल्या. रात्रीच पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, दडपे पोहे करून ठेवले. दुसऱ्या दिवशी चूल-गॅस काही पेटवायचं नाही असं ठरलं होतं.

गोठ्यात गाय आणि तिची कालवड होती. गुराला बांधून ठेवायची आपल्याला सवय असते. वादळात तेच त्याच्या जिवावर येतं. छप्पर अंगावर आलं तर सुटं जनावर पळून तरी जातं. आम्ही दावी सोडली आणि गोठ्याचं फाटक उघडं ठेवलं.

राहिल्या सासूबाई. 2 जूनला निर्जला एकादशी होती. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि त्यातच त्यांनी जाहीर केलं की त्या घर सोडून कुठेही जाणार नाहीत. "ह्या माजघराच्या भिंती दोन हात रुंद आहेत. माझं लग्न ह्या घरात झालंय." भिंतींबद्दल त्या म्हणत होत्या ते बरोबरच होतं. जांभ्याची ती भिंत कुठल्याही वादळाला पुरून उरली असती. प्रश्न भिंतीचा नव्हता, डोक्यावरच्या कौलांचा होता. पण हे त्यांना पटवणं मला जमेना. मुंबईहून दिरांचा फोन आला, त्यांनीही सांगून पाहिलं. "तू तिथून कशाला सांगतोस?" एवढंच उत्तर.

रात्री उशिरा मी त्यांच्या जवळ बसले. देवांचं काय करायचं, असं विचारलं. देव ओले झाले तर? देवघर माजघरातच, वर कौलं. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "देव एकटे जायचे नाहीत." पहाटे त्यांनी स्वतः देव सोवळ्यात बांधले, संबळीत ठेवले आणि आठ वाजता, पाऊस सुरू झाला होता तेव्हा, माझ्या हाताला धरून समोरच्या स्लॅबच्या घरात आल्या. वारा तेव्हा नुसता झुळुकीसारखा होता. भोंगेवाल्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत सगळे जे सांगत होते ते हेच, की निघायचं ते वारा सुटायच्या आधी. वारा सुटल्यावर आमच्या आणि त्या घरातलं वीस पावलांचं अंतर कुणीही ओलांडू शकलं नसतं, म्हातारं माणूस तर नाहीच.

वीज सकाळीच बंद झाली. दहाच्या पुढे वारा वाढत गेला, आणि आला तो आम्ही ज्या बाजूनं वाट बघत होतो त्या बाजूनं नाही. आम्ही समुद्राकडच्या खिडक्यांना फळ्या मारल्या होत्या, वारा आला डोंगराकडून, आग्नेयेकडून. वादळाचा केंद्रबिंदू किनाऱ्याकडे येत असताना त्याच्या पुढच्या अंगाला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे नंतर समजलं. कुठलीच बाजू बिनधोक नसते, फळ्या चारही बाजूंना हव्यात. आमच्या नशिबानं मागची दारं जुनी, सागवानी होती.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळानं अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला, वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. म्हणजे आमच्यावरूनच. त्या दोन तासांत त्या घरातली पाच कुटुंबं एका खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. बाहेर कौलं पत्त्यांसारखी उडत होती आणि माड मोडल्याचे आवाज एकामागून एक येत होते. लहान मुलं आधी रडली, मग झोपली. मध्ये जरा उसंत पडली तेव्हा एक तरुण उठून घर बघायला निघाला. पोलीस पाटलांनी फोनवरून आधीच बजावलं होतं म्हणून घरमालकांनी दार उघडू दिलं नाही. थोड्या वेळानं वारा दुसऱ्या अंगानं, समुद्राकडून, आला आणि आधी झुकलेली झाडं आडवी करून गेला. ती उसंत फसवी असते हे ज्याला माहीत नाही त्याला घरात थोपवून धरणारं माणूस प्रत्येक आश्रयाच्या जागी हवंच.

पाणी वाडीत आलं नाही. काकांचा ओहोटीचा हिशेब बरोबर ठरला.

संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा गावाला सावली उरली नव्हती. समोरून समुद्र दिसत होता. आमच्या आळीतून तो कधीच दिसत नसे. सुरूचं बन लोळलं होतं. आमच्या घराची जवळजवळ अर्धी कौलं गेली होती, माजघरावरचीही. दोर बांधलेले पत्रे राहिले, ज्यांचे दोर बांधायचे राहून गेले त्या शेजारच्या शेडचे पत्रे आमच्या विहिरीत होते. गाय आणि कालवड वाडीच्या मागे, पावसात, सुखरूप. वाडीबद्दल फार लिहिणार नाही. शंभर पोफळींमागे पंचवीस-तीस उभ्या राहिल्या असतील.

वीज यायला कित्येक आठवडे गेले, फोन लागायला बरेच दिवस. नुकसानभरपाई आधी हेक्टरी हिशेबानं जाहीर झाली. ज्यांची वाडी दहा-पंधरा गुंठ्यांची, त्यांना हेक्टरचा हिशेब काय कामाचा? लोकांनी तो प्रश्न लावून धरला, आणि मग झाडागणिक मदत ठरली: माडाला 250 रुपये, पोफळीला 50. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा ह्यांनी वादळाच्या आदल्या दिवशी काढलेले फोटो दाखवले. उभ्या वाडीचे फोटो असलेलं आमच्या आळीतलं ते एकच घर होतं. पडलेलं झाड मोजता येतं, पण तोडून वाटेतून बाजूला केलेलं झाड कोण मोजणार?

पुढच्या वर्षी, 2021 च्या मे महिन्यात, तौक्ते आलं. ते निसर्गपेक्षा ताकदीनं कितीतरी मोठं होतं. किनाऱ्याला समांतर वर सरकत 17 मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. आमच्यासमोरून समुद्रातून गेलं. या वेळी कुणी 'वळून जाईल' म्हटलं नाही. शुक्रवारी अंदाज आला, शनिवारी गावातला प्रत्येक पत्रा दोरानं बांधलेला होता. मोबाइलवरून वाड्यांचे फोटो काढून झाले, तेही तारीख दिसेल असे. माजघरावर आम्ही निसर्गनंतर कौलांऐवजी स्लॅब घातला होता, त्यामुळे आमच्या घरी बाहेरून माणसं आली; त्यात निसर्गच्या वेळी आम्हाला आसरा देणाऱ्या घरातल्या आजीही होत्या, कारण त्यांच्या खिडक्यांच्या काचा अजून बसलेल्या नव्हत्या. सासूबाईंनी या खेपेला वेगळीच काळजी घेतली: येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, औषधं आणलीत का, किती दिवसांची?

आणखी एक बदल केला तो वादळानंतरच्या तासांसाठी. निसर्गनंतर रस्ते झाडांनी इतके बंद झाले होते की बोर्लीपर्यंतचं अंतर कापायला लोकांनी कोयत्यांनी वाट काढली. मदत घेऊन येणाऱ्या गाड्या त्याच झाडांपाशी अडकून राहिल्या होत्या. त्यामुळे आळीतल्या घरांनी वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारी एक करवत घेतली. तौक्तेच्या वेळी तिचा उपयोग दुसऱ्याच दिवशी सकाळी झाला, दोन आडवे पडलेले आंबे रस्त्यातून काढायला. मुंबईच्या दिरांनाही सांगून ठेवलेलं आहे: वादळानंतर फोन लागला नाही तर लगेच गाडी काढून निघू नका, रस्ता मोकळा झाल्याचा निरोप श्रीवर्धनहून कुणीतरी देईल. करवत भाऊकाकांच्या पडवीत असते. आगोटीची लाकडं त्याच करवतीनं कापतात, त्यामुळे मे महिन्यात ती चालू आहे की नाही ते आपोआप कळतं.